विमानवालीचा साधा दिवस

तुमचा एखादा साधा दिवस मला बघायचा आहे, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, असं पाहुणीनं पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं. दुसऱ्या मेलमध्येही लिहिलं होतं. पुढे पुढे तर प्रत्येक मेलच्या शेवटी ते वाक्य असायचंच. मला त्या वाक्याचा इतका राग यायला लागला होता की सांगता सोय नाही. जिला स्वतःला आपण कुठल्या दिवशी पोचणार हे सांगता येत नव्हतं, तिच्यासाठी मी साधा दिवस कुठून काढून ठेवणार होते?

खाडीकाठच्या सारसोळ्याच्या गावठाणात, एका आतल्या गल्लीत तळमजल्यावर माझं शिवणकामाचं युनिट आहे. युनिट म्हणजे एक लांबट गाळा. त्यात दोन रांगांत शिलाई मशिनी, कापड कापायचं मोठं टेबल आणि मागच्या बाजूला चहाची शेगडी. त्याआधी बरीच वर्षं मी तुर्भ्याला एका कपड्यांच्या एक्स्पोर्टवाल्याकडे नोकरी केली. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकांशी बोलायचं, नमुने पाठवायचे आणि त्यांनी दिलेल्या तारखा पाळायच्या, असं माझं काम. तिथे विटून बाहेर पडले आणि हातमागाच्या सुती कापडाचे शर्ट न् लहान मुलांचे कपडे शिवायला सुरुवात केली. शिवणाऱ्या बायका दोन तऱ्हेच्या. काही सारसोळे आणि दिवाळे गावच्या कोळणी, काही सातारकडच्या, ज्यांचे नवरे मार्केटात माथाडी आहेत. पगार वेळेवर, जेवायची सुट्टी पुरती, मूल आजारी पडलं तर घरी जायची मुभा. याला बाहेरच्या देशात हल्ली 'एथिकल' म्हणतात. माझ्या सासरी याला माझं डोकं फिरलंय असं म्हणतात.

त्या वर्षी आमचं घोडं अडलं होतं. आमच्याकडून कपडे घेणारं एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक धंदा गुंडाळून बसलं, आणि येत्या दिवाळीनंतर शिवायला हातात काहीच उरणार नव्हतं. तेवढ्यात परदेशातल्या लहान लहान दुकानदारांच्या एका गटाकडून विचारणा आली. ते सगळे मिळून माल मागवतात, आणि कुणाकडून मागवायचा हे ठरवायचं काम त्यांनी या पाहुण्या बाईवर सोपवलं होतं. ती येऊन बघणार. तिला पटलं तर उन्हाळी कपड्यांची सगळी ऑर्डर आमची. नाही पटलं तर गाळ्याला कुलूप. हे मी बायकांना गोलगोल न बोलता सांगितलं होतं, आणि त्यांनीही ते नीट ऐकून घेतलं होतं.

आता ही बाई इतर लोकांसारखी तिकीट काढून आली असती तर काही अडलं असतं का? पण नाही. ती स्वतःचं छोटं विमान स्वतः चालवत येणार होती. नाकावर पंखा असलेलं, फार तर दोघं बसतील एवढं. वाटेतल्या देशांत उतरत, तिथल्या शिवणाऱ्या लोकांना भेटत, असं करत करत ती आमच्यापर्यंत पोचणार. कापडाला पाणी किती लागतं, रंगाचं पाणी कुठे सोडता, चिंध्यांचं काय करता, असल्या प्रश्नांची उत्तरं लिहून मी थकले होते, आणि विचारणारी एकटी बाई निम्म्या पृथ्वीवर पेट्रोल जाळत निघाली होती. हे मी एकदा सभ्य इंग्रजीत तिला विचारलंसुद्धा. तिनं लिहिलं, प्रश्न योग्य आहे. पण मोठ्या विमानानं येणारा माणूस हॉटेल आणि कारखाना एवढंच बघून परत जातो, लहान विमानाला मधे मधे उतरावंच लागतं, त्यामुळे मधली माणसंही दिसतात. मला काही ते पटलं नाही. पण ऑर्डर तिच्या हातात, म्हणून मूग गिळून गप्प बसले.

ती यायची होती पितृपक्षात. मी मनातून खूश होते, कारण आमच्याकडे खरा साधा काळ म्हणजे पितृपक्ष. ना सण, ना खरेदी, ना कुणाचं लग्न, ना कुणाचा साखरपुडा. फार तर कुणाच्या घरी सासऱ्याचं श्राद्ध. मशिनी सकाळी सुरू होतात त्या संध्याकाळपर्यंत धडधडत राहतात. तिला हवं होतं अगदी तेच. मी काहीसुद्धा करायची गरज नव्हती.

पण पितृपक्षात ती कुठल्याशा वाळवंटाच्या कडेला धुळीच्या वादळात अडकली. धूळ बसली तर पुढच्या देशावरून उडायची परवानगी मिळेना. परवानगी मिळाली तर पेट्रोल मिळेना. तिच्या विमानाला लागणारं पेट्रोल निराळं असतं म्हणे, ते सगळीकडे ठेवत नाहीत, पिंप मागवून घ्यावं लागतं. रोज सकाळी मी मेल उघडायची आणि तिचा मुक्काम हलला का बघायची. तो हललेला नसायचा. मी गाळ्यात येऊन सांगायची, आजही नाही. बायका म्हणायच्या, बरं. त्यांना कशाचं टेन्शनच नव्हतं. टेन्शन सगळं मला एकटीला.

शेवटी घटस्थापना झाली आणि ती निघाल्याची खबर आली. पितृपक्ष गेला, नवरात्र लागलं, आणि साधा दिवस म्हणून जो काही असतो तो आमच्या हातून निसटला.

त्यातच विमान कुठे उतरणार यावरून आमच्यात रुसवेफुगवे झाले. खाडीपलीकडे नवा विमानतळ झाल्यापासून आमच्या बायकांचा समज असा की आता जे विमान येईल ते तिथेच येईल. सारसोळ्याची मावशी आमच्यातली सगळ्यात जुनी शिवणारी. हिच्या बहिणीचं सासर त्याच जागेवर होतं. ते गाव उठलं, बहिणीचं घर गेलं, शेत गेलं, देऊळसुद्धा नव्या ठिकाणी बांधावं लागलं. मी जेव्हा सांगितलं की पाहुणीचं विमान तिथे उतरणार नाही, घाट चढून पलीकडे एका फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवर उतरणार आणि तिथून ती टॅक्सीनं येणार, तेव्हा मावशीनं हातातली कात्री खाली ठेवली.

"एवढी आमची जमीन घेतली," ती म्हणाली, "आनि एक बारकं विमान उतरवायला जागा नाय?"

मी मोठ्या विमानांचं वेळापत्रक, तिच्या त्या निराळ्या पेट्रोलची अडचण वगैरे समजावून सांगितलं. मावशीनं ऐकलं, पण मान काही हलवली नाही. पाहुणीवर तिचा तेव्हापासूनच जरा राग होता, असं मला वाटतं.

मधल्या दिवसांत मी एक उद्योग करत होते. आम्ही तयार आहोत, काम चालू आहे, हे पाहुणीला कळावं म्हणून रोज दुपारी युनिटचा एक फोटो काढून पाठवायचा. बायका मशिनींवर बसलेल्या, मी टेबलापाशी उभी. नवरात्रात आमच्या भागात बायका रोज ठरलेल्या एका रंगाचे कपडे घालतात, हे कुणाला सांगायला नको. बँकेत, ऑफिसात, शाळेत, मासळी बाजारात, सगळीकडे एकच रंग. आमच्याकडेही. पिवळ्याच्या दिवशी सगळ्या पिवळ्या, हिरव्याच्या दिवशी सगळ्या हिरव्या. राखाडीच्या दिवशी तर माथाडी वहिनीनं शेजारणीकडून साडी मागून आणली, कारण राखाडी साडी कोण घेऊन ठेवतं? सातारची ही वहिनी आमच्यात सगळ्यात हौशी. फोटोत तीच मधे असायची. ते फोटो तिकडे परक्या डोळ्यांना कसे दिसत असतील, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आला असता तरी मी काय केलं असतं कोण जाणे. मी स्वतःच राखाडी कुर्ता घालून उभी होते.

पाहुणीचा फोन आला तो नेमका अष्टमीला संध्याकाळी. विमान घाटावर उतरलं, उद्या सकाळी टॅक्सीनं येते, दुपारी परत निघते, कारण परवा पहाटे पुढच्या मुक्कामाला उडायची परवानगी आहे, ती चुकली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि मग कपाळाला हात लावला. उद्या नवमी. खंडेनवमी.

खंडेनवमीला मशिनींची पूजा असते. आधी झाडूनपुसून तेल घालायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे, नैवेद्य दाखवायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्याला हार उतरवेपर्यंत मशीन चालवायची नाही. सुतार करवत उचलत नाही, न्हावी वस्तरा उचलत नाही. तुर्भ्याच्या एक्स्पोर्टवाल्याकडेसुद्धा त्या दिवशी शिवणाचा फ्लोअर बंद असायचा, आणि तो मालक काही फार देवभोळा नव्हता.

मी ग्रुपवर मेसेज टाकला की पाहुणी उद्या येते आहे, तेव्हा पूजा सकाळी नको, ती गेल्यावर संध्याकाळी करू. एकेकीचे अंगठे आले. कुणी 'ओके ताई' लिहिलं. मी निवांत झाले.

सकाळी खारघरहून स्कूटर मारत मी गाळ्यावर पोचले तर गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स. गाळ्याच्या मालकानं कुणाला न विचारता लावलेला. 'विमानाने येणाऱ्या पाहुण्यांचे सहर्ष स्वागत', खाली इंटरनेटवरून उचललेलं चार इंजिनांचं जंबो विमान, आणि बाजूला मालकाचा आणि त्याच्या पुढाऱ्याचा फोटो, विमानापेक्षा मोठा. मालक पांढरे कपडे घालून, शाल आणि नारळ घेऊन उभा. मी त्याला म्हटलं, दादा, तिला हे सगळं नको आहे. तो म्हणाला, नको कसं, पाहुणा दारात आल्यावर सत्कार नको कसा?

दातओठ खात मी आत गेले. आत धूप दरवळत होता. दोन्ही रांगांतल्या सगळ्या मशिनींना झेंडूचे हार, चाकांवर हळदकुंकवाची बोटं, पायाशी फुलं. कापायच्या टेबलावर कात्र्या ओळीनं मांडून त्यांच्यावर अक्षता. बायका मोरपिशी साड्या नेसून, केसांत गजरे माळून बसल्या होत्या. गाळ्याची चावी मावशीकडे असते, तेव्हा हे कधी झालं असेल ते मला विचारावं लागलं नाही. मी ग्रुपवर टाकलेल्या मेसेजचं काय झालं, एवढंच विचारलं. वहिनी म्हणाली, वाचला की ताई, पण मुहूर्त सकाळचा होता.

मी काही बोलणार तोच दारात टॅक्सी थांबली.

पाहुणी माझ्यापेक्षा वयानं मोठी निघाली. उन्हानं रापलेली, खिशाखिशांची पँट, हाताच्या बोटांना तेलाचे डाग. चेहऱ्यावर इतका शिणवटा होता की मला क्षणभर तिची दया आली. तिनं फ्लेक्सकडे पाहिलं, जंबो विमानाकडे पाहिलं, आणि मालकानं अंगावर घातलेली शाल नम्रपणे काढून तिचं लेबल वाचलं. शाल शंभर टक्के पॉलिएस्टरची होती. तिनं घडी घालून ती हातावर ठेवली आणि आत आली.

आत आल्यावर ती दाराशीच थबकली. बायकांकडे बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन विचारलं की तू रोज जे फोटो पाठवत होतीस त्यात या सगळ्या एकसारख्या रंगात होत्या, रंग मात्र रोज वेगळा. आजही तसंच. हा गणवेश आहे का? कुणाच्या पैशानं? मी म्हटलं, गणवेश नाही, त्या आपखुशीनं घालतात. ती म्हणाली, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे, तू फक्त भाषांतर कर, मधे स्वतःचं काही घालू नकोस.

तिचाही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तपासणी करणारे येणार म्हणून आदल्या दिवशी औषधांची पेटी कशी भरतात, मागचा दरवाजा कसा मोकळा करतात, कामगारांना उत्तरं कशी पाठ करून घेतात, हे मी जुन्या नोकरीत उभं राहून पाहिलं आहे. तिनं तर ते कितीतरी देशांत पाहिलं असणार. पण कळत होतं म्हणून चिडचिड थोडीच थांबते?

तिनं वहिनीला विचारलं, हा रंग घालायला तुला कोण सांगतं?

वहिनी म्हणाली, पेपरात येतं.

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पाहुणीच्या भुवया वर गेल्या. पेपरात कोण ठरवतं? वहिनीला ते ठाऊक नव्हतं, दरवर्षी यादी येते, मोबाइलवरही फिरते. आणि एखादीनं नाही घातला तर? असा प्रश्न वहिनीला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"नाही घातला तर फोटोत एकटीच वेगळी दिसंल की," ती म्हणाली. "मग सगळ्या विचारत्यात, का गं, काय झालं?"

एकेक वाक्य खरं होतं, आणि इंग्रजीत माझ्याच तोंडून बाहेर पडताना प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा वाईट ऐकू येत होतं. पाहुणीनं वहिनीच्या पदराला हात लावून पाहिला. नायलॉनचा. हातमागाचं सुती कापड शिवणाऱ्या या बायका स्वतः ते का घालत नाहीत, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, त्यात मोरपिशी मिळत नाही. माझा आवाज चढला असावा, कारण मावशीनं वळून पाहिलं.

मग पाहुणी म्हणाली की ठीक आहे, आता काम बघू या. मी खंडेनवमीचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की ती इतक्या लांबून आली आहे, मशिनी चालताना न बघता ती दुकानदारांना काय सांगणार? थोडा वेळ, एकच मशीन चालली तरी पुरे. तिचा स्वर मऊ होता. त्या स्वरात मी पूर्वी पुष्कळ गिऱ्हाइकं ऐकली आहेत. ती विनंती नसते.

माझं डोकं भरभर चालत होतं. एक मशीन. एक बाही. देव काय एवढ्यानं रागावणार आहे? मी मावशीपाशी गेले आणि हळू आवाजात म्हटलं की मावशी, तुमच्याच मशिनीवर एवढी एक बाही लावून दाखवा, मग हार परत घालू, हवं तर मी देवीला खण चढवते. मावशीनं नुसती मान हलवली. मी म्हटलं, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, ठाऊक हाय. मी म्हटलं, मग? ती हारातलं एक वाकडं फूल सरळ करत बसली. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी सरळ तिच्या मशिनीवरच्या हाराला हात घातला.

मावशीनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सुटणार नाही इतपत.

"आज मशीन चालनार नाय," ती म्हणाली. "आज ती देवाची हाय. तुजी नाय, माजी पन नाय. जा, तिला सांग."

वहिनी उठून मावशीच्या शेजारी येऊन उभी राहिली, मग दिवाळे गावच्या दोघी आल्या. भांडायला नव्हे, नुसत्या उभ्या. माझा हात अजून मावशीच्या हातात होता, आणि पाहुणी आम्हा दोघींकडे बघत होती.

तिनं विचारलं, त्या काय म्हणाल्या?

मला खोटं सांगता आलं असतं. मशिनीची मोटर बिघडली आहे, वीज नाही, काहीही. पण तितकं सुचण्याइतकं डोकं ताळ्यावर नव्हतं. मी सांगितलं की त्या नाही म्हणतात.

पाहुणीनं आणखी काही विचारलं नाही. तिनं चहा घेतला, नैवेद्याचा शिरा खाल्ला, तयार कपड्यांची शिवण उलटीपालटी करून पाहिली, आणि निरोप घेताना कळवते एवढंच म्हणाली. टॅक्सी गल्लीतून फ्लेक्सखालून बाहेर पडली. नारळ आणि ती शाल ती टेबलावर विसरून गेली होती, किंवा ठेवून गेली होती.

त्यानंतर मी बायकांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, तुमच्यासाठी मी मरमर मरते आणि तुम्हाला कशाची पर्वा नाही, या चालीवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वहिनीनं पानं मांडली आणि म्हणाली, ताई, आता जेवून घ्या, उद्या हार उतरला की लागंल तेवढं बसू. मला रडू आलं ते रागानं आलं. मी जेवले नाही. मावशी घरी जाताना उरलेल्या शिऱ्याचा डबा भरून माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेवून गेली आणि वर, उपाशी स्कूटर हाकू नको, म्हणून मलाच दम देऊन गेली.

अंधार पडायच्या सुमाराला मी घरी पोचले, तोच मोबाइलवर पाहुणीचा एक फोटो आला. बरोबर एक अक्षर नाही. फोटोत फ्लाइंग क्लबची पेट्रोलची टाकी असलेली लहानशी गाडी होती. तिच्या बॉनेटवर झेंडूचा जाडजूड हार, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. मागे तिचं चिमुकलं विमान रिकाम्या टाकीनं उभं होतं, आणि त्याच्याही पंख्याला कुणीतरी हार घालून ठेवला होता.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग मी इतकी हसले की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून पाहिलं.

तेवढ्यात तिचा फोन आला. ती हसत नव्हती. तिथले मेकॅनिक म्हणतात गाडी उद्या, पूजा उतरवल्यावर, असं तिनं सांगितलं. जास्त पैसे देते म्हटलं, मोठ्या साहेबांना फोन लावते म्हटलं, पण ते नुसते हसून तिला पेढा देत राहिले. पहाटेची परवानगी आता गेली. नवी कधी मिळेल देव जाणे. मी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि मला खरोखर फार बरं वाटत होतं.

मग तिनं विचारलं की त्या मोठ्या बाईला तू आज शिक्षा केलीस का. मी म्हटलं, शिक्षा? त्याच मला रागावून घरी गेल्या. माझा राग अजून गेलेला नाही, उद्याही जाणार नाही, हेही मी सांगून टाकलं. आता लपवायला उरलं काय होतं?

ती म्हणाली, "मी जिथे जिथे गेले तिथे मशीन चालवून दाखवा म्हटलं की चालवतात. मालकानं नुसतं पाहिलं तरी चालवतात. मालकिणीचाच हात धरणारी मी पहिल्यांदा बघितली. मी तेच लिहिणार आहे."

ऑर्डर आली. सगळी आली. आता यात मी आनंद मानावा हे मला कळतं, पण खरं सांगायचं तर बराच काळ तो मला मानताच येईना. इतकी वर्षं मी पगार वेळेवर दिला, खिडक्या मोठ्या करून घेतल्या, रंगाचं पाणी गाळून सोडणाऱ्यांकडूनच कापड घेतलं, त्यातलं काही कामाला आलं नाही. कामाला आला तो माझा झालेला अपमान. मावशीला हे मी एकदा बोलून दाखवलं तर ती म्हणाली, मग काय झालं, आली ना?

खरी गंमत पुढेच होती. ऑर्डरच्या मेलमध्ये माल बोटीवर चढवायची तारीख होती. मी हिशेब करून पाहिला तर शेवटचं सगळं काम येत होतं चैत्रातल्या त्या आठवड्यात, ज्यात इकडे गावदेवीची जत्रा असते आणि सातारकडच्या सगळ्याजणी आपापल्या गावच्या यात्रेला जातात. त्या आठवड्यात माझ्या गाळ्यात मी आणि पंखा, एवढेच असतो. जुन्या नोकरीत अशा वेळी मी मान्य म्हणून लिहायची आणि मग फ्लोअरवर जाऊन लोकांच्या सुट्ट्या खायची. हात सवयीनं तेच टाइप करायला गेला. मान्य आहे, असं अर्धं लिहूनही झालं.

मावशी समोर बटणांची काजं करत बसली होती. मी तिला तारीख सांगितली. ती वर न बघता म्हणाली, साधं सांग ना, नाय जमनार.

मी लिहिलेलं खोडलं आणि लिहिलं की त्या आठवड्यात आमच्या मशिनी बंद असतात, जमणार नाही. एवढंच. खाली माफीची दोन वाक्यं लिहिली होती, तीही काढून टाकली. पाठवल्यावर दिवसभर मी मेल उघडून उघडून बघत होते. गिऱ्हाइकाला मी जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणीचं उत्तर आलं. ती तेव्हा आणखी कुठल्या तरी देशात, पुन्हा पेट्रोलसाठी अडकून पडली होती. लिहिलं होतं, ठीक आहे, मग तुम्हाला कुठली तारीख सोयीची आहे ते तुम्हीच कळवा.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आजवर तारीख मला सांगितली जायची. कुणी विचारली नव्हती. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि मावशीच्या शेजारी जाऊन बसले.